खरं नाव कुणाला सांगायचं? ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ वाचताना

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, की जे जग अस्तित्वातच नाही, त्याच्याविषयीची अख्खी कादंबरी वाचून हाती काय लागतं? प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्याचं उत्तर हवेत देण्यापेक्षा आज एकच पुस्तक समोर ठेवू या. उर्सुला के. ल ग्विन (१९२९–२०१८) या अमेरिकी लेखिकेची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी १९६८ साली आली. किशोरांसाठी काही लिहा, असं प्रकाशकाने सुचवलं, म्हणून ती लिहिली गेली. तेवढ्यावरून तिला ‘मुलांचं पुस्तक’ म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आधीच कबूल करतो.

अर्थसी म्हणजे बेटांचं जग. ल ग्विन यांनी आधी नकाशा काढला आणि मग गोष्ट लिहिली. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामवंत मानववंशशास्त्रज्ञ. एखादा समाज वस्तूंना काय म्हणतो, कशाला भितो, काय लपवतो, हे प्रश्न त्या घराला नवे नव्हते. म्हणून या जगात जादूगार आहेत तसे शेळ्या राखणारी पोरं आहेत, होड्या बांधणारे आहेत, वारा वळवून पोट भरणारे आहेत. नायक तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, हेही लेखिका जाता जाता सांगते. मुद्दाम थांबून नाही.

आता या जगाचा मुख्य नियम बघा. प्रत्येक वस्तूला एक खरं नाव आहे, आदिभाषेतलं. ते ठाऊक असेल तर त्या वस्तूवर तुमची सत्ता चालते. म्हणून माणसं आपलं खरं नाव लपवतात आणि टोपणनावाने वावरतात. आपला नायक लहानपणी ‘डनी’, चारचौघांत ‘स्पॅरोहॉक’, आणि तेराव्या वर्षी गुरूने दिलेलं खरं नाव ‘गेड’.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याचे इथं कान टवकारतात. शब्द आणि अर्थ यांचं नातं नित्य आहे, असं मीमांसक म्हणतात. ते संकेताने ठरतं, असं नैयायिक म्हणतात. ग्रीकांकडे प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’मध्ये हाच वाद आहे. आज आपण बहुतेक जण संकेताच्या बाजूचे. ल ग्विन वाद घालत बसत नाहीत. त्या म्हणतात, नाव वस्तूला मुळातच चिकटलेलं आहे असं धरा. मग तिथं माणसं जगतील कशी?

आणि मग त्या नियमाशी प्रामाणिक राहतात. जादू शिकायची म्हणजे मनोऱ्यात बसून नावांच्या याद्या पाठ करायच्या. सगळा समुद्र आवरायचा तर त्याच्या प्रत्येक भागाचं नाव माहीत हवं, आणि तेवढं कुणालाच माहीत नसतं. ज्ञान जिथं संपतं तिथं सत्ताही संपते. खड्याचा हिरा झाल्यासारखं दाखवणं सोपं आहे. खराखुरा हिरा करायचा तर जगाचा तोल हलतो, आणि त्याची किंमत कुठंतरी कुणीतरी मोजतो.

एक प्रसंग सांगतो. गर्वाच्या भरात, एका सहाध्यायाने डिवचलं म्हणून, गेड मृतात्म्याला आवाहन करतो. जगाला पडलेल्या त्या भेगेतून एक काळी सावली बाहेर येते. भेग बुजवताना विद्यालयाच्या वृद्ध प्रमुखांचा जीव जातो. गेड वाचतो, पण चेहऱ्यावर व्रण आणि मन खचलेलं. अशा मुलाला त्याचा मित्र व्हेच निरोप घेताना काय देतो? आपलं खरं नाव. आपल्याकडे कुणी नाव सांगितलं तर आपण ‘बरं’ म्हणून पुढे जातो. इथं मात्र घसा दाटतो, कारण नियम आपण मनापासून मानलेला असतो.

कोलरिजने १८१७ मध्ये म्हटलं, की वाचक आपण होऊन अविश्वास बाजूला ठेवतो. टोलकीन यांनी १९३९ च्या व्याख्यानात याला हरकत घेतली: अविश्वास दाबून ठेवावा लागला, तर लेखकाचं जग मोडलंच म्हणायचं. जग नीट रचलेलं असेल तर आत असेपर्यंत आपण खरोखर विश्वास ठेवतो. व्हेचचा प्रसंग वाचताना टोलकीन यांचं म्हणणं पटतं.

पुढचं सांगताना शेवट फुटणार आहे. ज्यांना वाचायचं आहे त्यांनी क्षमा करावी. त्या सावलीला नाव नाही, असं जाणते सांगतात. नाव नाही म्हणजे उपाय नाही. गेड पळत राहतो. मग गुरू सांगतात, वळ आणि तिचाच पाठलाग कर. जगाच्या टोकाला दोघं समोरासमोर येतात आणि एकाच क्षणी एकमेकांना एकच नाव देतात: गेड.

हे वाचून ‘सावली म्हणजे अहंकार’ असं समीकरण मांडायची घाई करू नका. सूत्र काढलं की गोष्ट हातातून निसटते. त्याऐवजी एक साधी गोष्ट पाहा. नाव मिळाल्यापासून निवेदक नायकाला ‘गेड’च म्हणत आलेला आहे. जे नाव त्या जगात अगदी मोजक्या जिवलगांना ठाऊक, ते आपल्याला पहिल्या प्रकरणापासून माहीत होतं. उत्तर आपल्या हातात होतं आणि तरी आपल्याला ते दिसलं नाही. गेडलाही नाही.

‘स्वतःला ओळख’ हे आम्ही किती वर्षं फळ्यावर लिहीत आलो. विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलं, आम्ही पुसलं, तास संपला. ज्याच्यापासून आयुष्यभर पळालो त्याला आपलंच नाव असू शकतं, ही भीती त्या फळ्यावर कधी उतरली नव्हती. ती या ‘मुलांच्या पुस्तकात’ भेटली, तीही सत्तरीत. त्या श्रोत्याला आमचं उत्तर एवढंच.

तर वाचताना नकाशा उघडा ठेवा, नियम कोणता ते ओळखा, आणि त्याची किंमत कोण मोजतं ते विचारत राहा. आज इथंच थांबू या.