पावसात कोणता टायर?

जुलै महिन्यातल्या एका रविवारी मी मुलुंडला बहिणीकडे गेलो होतो. बाहेर पावसाची झड लागली होती आणि आमचे भाचेबुवा संगणकावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळण्यात दंग होते. गंमत अशी, की खेळातही पाऊस सुरू झाला! पहिल्या क्रमांकावर धावणारी त्याची गाडी वळणावर गरकन फिरली आणि कठड्यावर आदळली.

"मामा, हा खेळच खोटा आहे. ब्रेक दाबला तरी गाडी थांबत नाही!" तो वैतागून म्हणाला.

मी पडद्याकडे पाहिले. गाडीला कोरड्या रस्त्याचे गुळगुळीत टायर होते. "खेळ खोटा नाही रे, तुझा टायर चुकला," मी म्हणालो. तुमच्यापैकीही पुष्कळजण असे खेळ खेळत असतील. चला तर, या चुकलेल्या टायरचे विज्ञान आज समजावून घेऊ.

फॉर्म्युला वनच्या शर्यतीत आणि तिच्यावर बेतलेल्या खेळांत मुख्यतः तीन प्रकारचे टायर असतात. कोरड्या रस्त्यासाठी 'स्लिक', म्हणजे एकही खाच नसलेला टायर. ओलसर रस्त्यासाठी उथळ खाचांचा, हिरव्या पट्ट्याचा मधला टायर. आणि मुसळधार पावसासाठी खोल खाचांचा, निळ्या पट्ट्याचा पावसाळी टायर.

येथे तुम्ही एक शंका विचाराल. घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, असे आपण पुस्तकात शिकतो. मग खाचा असल्या काय आणि नसल्या काय, फरक का पडावा? शंका अगदी रास्त आहे. परंतु तो नियम लाकूड, लोखंड अशा कठीण पदार्थांना बऱ्यापैकी लागू पडतो. रबर मऊ असते. ते डांबरातल्या बारीक खडबडीत उंचवट्यांत शिरून बसते, त्यांना चिकटते. त्यामुळे जास्त रबर रस्त्याला टेकले, की पकडही जास्त मिळते. म्हणून कोरड्या रस्त्यावर स्लिक सर्वांत उत्तम.

आता रस्त्यावर पाणी आणू. समजा, टायरची रुंदी २० सेंटिमीटर आहे, रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचले आहे आणि गाडीचा वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर आहे. टायरला दर सेकंदाला किती पाणी बाजूला सारावे लागेल? ०.२० × ०.००३ × २५ = ०.०१५ घनमीटर, म्हणजे १५ लिटर. दर सेकंदाला एक बादली, तीही प्रत्येक पुढच्या चाकाला!

पाणी तर जड आणि आळशी. न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे ते जागचे हलायला तयार नसते. हा प्रयोग करून पाहा. बादलीभर पाण्यावर तळहात सावकाश ठेवा. हात सहज आत जातो. आता जोराने चापट मारा. हाताला चांगलाच मार बसतो! पाण्याला बाजूला व्हायला वेळ मिळाला नाही, की ते कठीण वस्तूसारखे वागते. वेग दुप्पट केला, तर पाण्याचा दाब चौपट होतो. हा दाब टायरमधल्या हवेच्या दाबाच्या बरोबरीला आला, की टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो. याला ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. अशा वेळी ब्रेक दाबा, चाक वळवा, काही उपयोग नाही.

अमेरिकेच्या नासा संस्थेने विमानांच्या टायरांवर प्रयोग करून १९६३ साली यासाठी एक सोपे सूत्र प्रसिद्ध केले. टायरमधील हवेच्या दाबाचे किलोपास्कलमध्ये वर्गमूळ काढा आणि त्याला ६.३५ ने गुणा. हा झाला तरंगण्याचा ताशी वेग, किलोमीटरमध्ये. साध्या मोटारीत हवा सुमारे २२० किलोपास्कल असते. उत्तर येते ताशी ९४ किलोमीटर. मात्र हे सूत्र टायर गुळगुळीत असताना, किंवा पाणी खाचांपेक्षा खोल असताना लागू पडते. खाचा पुरेशा खोल असल्या, की पाण्याला पळायला वाट मिळते. टायर बनवणाऱ्या पिरेली कंपनीच्या आकड्यांनुसार, ताशी ३०० किलोमीटर वेगाला मधला टायर सेकंदाला सुमारे ३० लिटर, तर पावसाळी टायर सुमारे ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो.

मग सदैव पावसाळी टायरच का लावू नये? कारण त्याचे रबर खाचांमुळे लहान लहान ठोकळ्यांत विभागलेले असते. कोरड्या रस्त्यावर हे ठोकळे सतत वाकतात, तापतात आणि झपाट्याने झिजतात. पाणी असते तोवर तेच त्यांना थंड ठेवते. म्हणून रस्ता वाळू लागला, की चालक मुद्दाम उरल्यासुरल्या ओल्या भागावरून गाडी नेतात. हे सारे गणित संगणक खेळात प्रत्येक चाकासाठी सेकंदाला कितीतरी वेळा मांडत असतो.

तेव्हा खरा प्रश्न उरतो तो टायर केव्हा बदलायचा हा. उदाहरणादाखल आकडे घेऊ. ओल्या रस्त्यावर स्लिकमुळे दर फेरीला ६ सेकंद वाया जातात आणि टायर बदलण्यात २० सेकंद मोडतात. पाऊस ३ फेऱ्यांत थांबणार असेल, तर न बदलणे फायद्याचे, कारण नुकसान १८ सेकंदांचे. ४ फेऱ्या टिकणार असेल, तर नुकसान २४ सेकंदांचे. मग बदललेलेच बरे.

हे गणित मोठमोठ्यांचेही चुकते. ७ ऑक्टोबर २००७ रोजी शांघायला लुईस हॅमिल्टन रस्ता वाळत असतानाही मधल्या टायरांवर धावत राहिला. टायर पार झिजले आणि टायर बदलायला आत वळतानाच गाडी खडीत रुतली. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याने अवघ्या एका गुणाने गमावले! याउलट, २६ सप्टेंबर २०२१ रोजी रशियात सोची येथे लँडो नॉरिस आघाडीवर होता. शेवटच्या फेऱ्यांत पाऊस आला, तरी तो फार वेळ स्लिकवरच राहिला आणि सातवा आला. वेळीच टायर बदलणारा हॅमिल्टन आपली शंभरावी शर्यत जिंकला.

आता माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी पवईहून जोगेश्वरीकडे जाताना, पहिल्याच पावसात माझी स्कूटर घसरली. मागचा टायर पार गोटा झाला होता आणि बदलण्याचे मी आजचे उद्यावर ढकलत होतो. पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल आणि धूळ पाण्यात मिसळून निसरडा थर होतो, हे वर्गात शिकवणारा मीच! वेग कमी होता म्हणून गुडघ्याच्या चार टाक्यांवर निभावले. मागून ट्रक येत असता तर?

म्हणून मित्रांनो, एक काम करा. मोटारीच्या टायरच्या खाचांत तळाशी बारीक आडवे उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. दुचाकींच्या टायरांतही अशाच खुणा असतात. टायर झिजून या खुणांच्या पातळीला आला, की तो बदललाच पाहिजे. मे महिन्याच्या सुटीत आपल्या घरच्या आणि शेजारच्या गाड्यांचे टायर तपासा आणि ज्यांचे टायर गोटा झाले असतील, त्यांना न घाबरता सांगा. भाच्याने त्या दिवशी एक बटण दाबले आणि शर्यत पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. पश्चिम द्रुतगती मार्गावर तसे बटण नसते.