मोटर गोल फिरते, मग माल सरळ कसा जातो? गोदामातल्या गिअरबॉक्सची सोपी माहिती

कोरपना : गडचांदूर, आवारपूर, उपरवाही हा सिमेंट कारखान्यांचा पट्टा. त्यामुळे गिअरबॉक्स हा शब्द आपल्याला नवा नाही. पण कामासाठी पुणे, भिवंडी, नागपूरकडे जाणाऱ्या पोरांना मोठ्या गोदामांत वेगळंच यंत्र दिसतं. रुळावरून उंच क्रेन धावत येते, रॅकमधला नेमका खोका काढते आणि परत जाते. तिथं हमाली करायची की ते यंत्र सांभाळायचं, हा फरक पगाराचा आहे. म्हणून हे समजून घ्या.

गिअरबॉक्स कशाला?

चिखलात फसलेली ट्रॉली काढताना आपण ट्रॅक्टर लो गिअरमध्ये टाकतो. वेग कमी होतो, ओढ वाढते. इथंही तेच. समजा मोटर मिनिटाला ३,००० फेरे मारते. १० ला १ चा गिअरबॉक्स लावला की ३०० फेरे उरतात आणि फिरवण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, जवळपास दहापट होते. थोडी ताकद घर्षणात जाते.

दुसरा फायदा थांबताना. जड मालाचं जे जडत्व मोटरला जाणवतं, ते गिअरच्या प्रमाणाच्या वर्गाने कमी होतं. १० ला १ असेल तर शंभरावा हिस्सा. म्हणून क्रेन झटका न देता जागेवर थांबते.

गोल फिरणं सरळ कसं होतं?

आयटीआयमध्ये लेथवर काम केलेल्यांनी हे पाहिलं आहे. हातचाक फिरवलं की कॅरेज सरळ सरकतं. खाली दातेरी पट्टी असते, ती रॅक. तिच्यावर फिरणारं दातेरी चाक म्हणजे पिनियन. पिनियनच्या एका फेऱ्यात २०० मिलिमीटर अंतर कापलं जात असेल, तर ३०० फेऱ्यांत ६० मीटर. म्हणजे सेकंदाला १ मीटर. गिअरबॉक्स नसता तर हाच वेग ताशी ३६ किलोमीटर झाला असता!

कुठं पट्टा असतो, कुठं बॉल स्क्रू. स्क्रू एका फेऱ्यात थोडंच सरकतो, म्हणून तिथं बरेचदा गिअरबॉक्सची गरज पडत नाही.

'प्ले' म्हणजे काय?

जुन्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग थोडं रिकामं फिरतं, तसंच गिअरच्या दातांतही असतं. वरच्या हिशेबात एका अंशाचा प्ले म्हणजे रॅकवर अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त फरक. दिशा बदलताना दर वेळी दातांवर ठोका बसतो आणि झीज वाढते. प्लॅनेटरी गिअरबॉक्समध्ये मधल्या गिअरभोवती तीन किंवा जास्त गिअर भार वाटून घेतात. त्याचा प्ले कमी ठेवता येतो, पण किंमत जास्त. वर्म गिअरबॉक्स स्वस्त, मात्र जास्त तापतो.

जीव वाचवणारी गोष्ट

"वर्म आहे, लिफ्ट खाली येणार नाही," असं म्हणणारे भेटतील. यावर विसंबू नका. झीज आणि कंपनामुळे तो घसरू शकतो. ब्रेक मोटरवर असेल आणि पुढचे दात किंवा पट्टा तुटला, तर तो ब्रेक माल धरू शकत नाही. म्हणून वर उचललेल्या भाराखाली जाण्याआधी लॉक पिन किंवा टेकू लावा. मेन स्विच बंद करून स्वतःचं कुलूप घाला आणि किल्ली खिशात ठेवा.

आवाज बदलला, गिअरबॉक्स नेहमीपेक्षा तापला, तेल गळलं, की लगेच कळवा. हे वेळेत ओळखणाऱ्या माणसाला काम मिळतं, आणि तो संध्याकाळी धडधाकट घरी येतो.