पुढची चाकं हवेत, तरी ट्रॅक्टर वळतो!

गळीत हंगाम सुरू झाला की शिरोळ, हातकणंगले, करवीर भागात एक नवल रोज घडतं. उसानं ठासून भरलेल्या ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर फडातून वर डांबरी रस्त्यावर चढू लागतो. इंजिन घुमतं आणि पुढची दोन्ही चाकं चक्क जमीन सोडतात. आता स्टिअरिंग कितीही फिरवा, उपयोग शून्य. तरीही चालक ट्रॅक्टर डावीकडं वळवतो, आणि तोही पायानं!

ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात. डावा पेडल मागचं डावं चाक धरतो, उजवा उजवं. डावं चाक थोपवलं की डिफरन्शियलमुळं उजवं चाक पुढं पळत राहतं आणि अख्खं धूड डावीकडं फिरतं. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल खिट्टीनं एकत्र जोडायलाच हवेत. वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर उलटू शकतो.

पण चाकं उचलली का जातात? समजा, ट्रॉलीचा हुक जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत दोन मीटर अंतर आहे. मग ओढीच्या एक चतुर्थांश इतकं वजन पुढच्या चाकांवरून निघून मागच्यांवर जातं. दोन टनांची ओढ असेल, तर अर्धा टन! त्यात चढ आला की तोल आणखी मागं सरकतो. पुढं लोखंडी वजनं टांगतात ती यासाठीच. टायर रस्त्याला धरतो तो अंगावरच्या भाराच्या जोरावर. भार गेला की चाक नुसतंच वळतं, गाडी सरळ जाते.

हेच गणित कॅराव्हॅनलाही लागू आहे. महाराष्ट्रानं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. या चाकांवरच्या घरांत बहुतेकदा मागच्या चाकांच्याही पलीकडं लांबलचक अंग असतं आणि नेमकं तिथंच सामान कोंबलं जातं. चाकांतलं अंतर चार मीटर धरा. मागच्या चाकांच्या दोन मीटर मागं 200 किलो ठेवले, तर पुढच्या चाकांवरचे 100 किलो कमी होतात आणि मागच्यांवर 300 वाढतात! मग स्टिअरिंग हलकं लागतं, गाडी भरकटते, शेजारून ट्रक गेला की हेलकावते. चालक बिचारा स्टिअरिंग बॉक्स बदलत बसतो. मला वाटतं, गॅरेजआधी वजनकाटा गाठावा: आधी पुढची चाकं काट्यावर घ्यावीत, मग मागची, आणि ते आकडे कंपनीनं दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहावेत. टायरची हवाही त्याच भारानुसार भरावी.

आणि यंदा उसाचा ट्रॅक्टर चढावर दिसला, तर हॉर्न वाजवून घाई करू नका. चालक त्या क्षणी स्टिअरिंगविना गाडी सांभाळत असू शकतो. मागं भरपूर अंतर ठेवा आणि चढ संपेपर्यंत ओव्हरटेक करू नका.