झिरो माईल: घोड्यांशेजारचा दगड

नागपुरात कुणालाही ‘झिरो माईल’ म्हटलं की ठिकाण लगेच कळतं. विधानभवनाच्या आग्नेयेला वालुकाश्माचा एक खांब आहे. त्याच्याजवळ गिलाव्यात घडवलेले चार घोडे आहेत, तेही नंतर आणून बसवलेले. येणारा-जाणारा फोटो काढतो तो घोड्यांचा. शेजारच्या बुटक्या दगडाकडे सहसा कुणी बघत नाही, पण या जागेचं सगळं महत्त्व त्याच्यात आहे. ब्रिटिश अमदानीतल्या ‘ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे’चा, म्हणजे जीटीएसचा, तो स्टँडर्ड बेंचमार्क. साल १९०७.

बेंचमार्कचं काम एकच: समुद्रसपाटीपासूनची उंची सांभाळून ठेवणं. इथली नोंदलेली उंची १०२०.१७१ फूट. यातला शेवटचा आकडा मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा आहे. जिथून समुद्र शेकडो मैल दूर, त्या शहरात इतकी बारीक उंची आली कुठून?

ती बंदरांपासून पायी चालत आली. कराची, मुंबई, कारवार, मद्रास अशा नऊ बंदरांत भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवून सरासरी समुद्रपातळी ठरवली गेली. तिथून लेव्हल घेणारी पथकं आत निघाली. मध्ये दुर्बीण, मागे-पुढे उभ्या धरलेल्या दोन पट्ट्या. मागचं वाचन, पुढचं वाचन, दोन्हींतला फरक वहीत. मग पुढचा मुक्काम. १८५८मध्ये सुरू झालेल्या या जाळ्याचं एकत्रित गणित १९०९मध्ये जुळवलं गेलं. दर टप्प्याची बारीकशी चूक पुढे साठत जाते, म्हणून वाटेत भक्कम, न हलणारे दगड रोवावे लागत. नागपूरचा दगड त्यातलाच.

या सर्व्हेशी विदर्भाचं नातं त्याहूनही जुनं आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. नागपूर गाठायचं त्याचं राहून गेलं. त्याने सुरू केलेली मोजणी मात्र पोचली.

खांबाची गोष्ट निराळी. त्यावर गावांची अंतरं कोरली आहेत: शिवनी ७९ मैल, छिंदवाडा ८३, जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. म्हणजे दगड उंची सांगतो, खांब रस्ता सांगतो. मोजमापं दोन, आणि दोन्हींचा पुरावा जागेवरच.

तिसरी गोष्ट लोकांच्या तोंडी आहे: इथे हिंदुस्थानचा मध्यबिंदू आहे. नागपूरकराला ती मनापासून आवडते, आणि संत्र्यांइतक्याच अभिमानाने तो ती पाहुण्याला ऐकवतो. पण मध्य कशाचा, हे सीमेवर ठरतं. १९३७मध्ये ब्रह्मदेश वेगळा झाला, १९४७मध्ये फाळणी झाली. दोन्ही वेळा नकाशा बदलला, आणि मध्य नकाशाबरोबर सरकतो. मैलांचा हिशेबही रस्ता वळला की बदलतो. उंचीला यातलं काहीच लागू नाही. सरहद्द कुठेही जावो, जमीन जितकी वर आहे तितकीच राहते.

महापालिकेच्या वारसा यादीत हे स्मारक आहे. अलीकडे शेजारच्या मेट्रो स्थानकालाही त्याचंच नाव मिळालं. घोडे देखणे आहेत, त्यांचा फोटो काढायलाच हवा. पण पाहुण्याला मध्यबिंदूची गोष्ट सांगण्याआधी आकड्याची सांगावी. मध्यबिंदूवर विश्वास ठेवावा लागतो, १०२०.१७१ फुटांचं तसं नाही, दुर्बीण आणि पट्टी घेऊन कुणीही ते पुन्हा तपासू शकतं.