घरालगतचा मण्यार व कवड्या : ओळखीच्या खुणा आणि त्यांची मर्यादा

महाराष्ट्रात मनुष्यवस्तीच्या आसपास आढळणाऱ्या सापांपैकी बहुतेक बिनविषारी असतात. धामण, दिवड, तस्कर, नानेटी, वाळा ही नावे खेड्यातील माणसाला परिचित आहेत. विषारी सापांपैकी नाग फण्यावरून ओळखता येतो. घोणशीच्या पाठीवर मोठ्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. फुरसे अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करते. ह्या तिघांच्या बाबतीत सहसा फारसा घोटाळा होत नाही. मात्र मण्यार हा अत्यंत विषारी साप आणि कवड्या हा पूर्णपणे बिनविषारी साप ह्यांच्या बाबतीत तो वारंवार होतो. दोघेही निशाचर, दोघांच्याही अंगावर आडवे पांढरे पट्टे, आणि दोघेही उंदीर-पालींच्या मागावर घरापर्यंत येणारे. ह्या दोघांत भेद कसा करावा, आणि त्या भेदज्ञानावर किती विसंबावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम दुरून दिसणारी लक्षणे पाहू. मण्यार (बंगारस सेरुलियस) काळा किंवा निळसर काळा व तुकतुकीत असतो. पूर्ण वाढलेला मण्यार सुमारे एक मीटर लांब भरतो. क्वचित त्याहून बराच मोठाही आढळतो. अंगावरील पांढरे पट्टे अरुंद असून बहुधा जोडीजोडीने असतात. मानेकडे हे पट्टे पुसट असतात किंवा मुळीच नसतात. शेपटीकडे ते ठळक होत जातात. कवड्याचा (लायकोडॉन ऑलिकस) रंग तपकिरी असतो. त्याची लांबी सामान्यतः अर्ध्या मीटरच्या आसपास असून डोके चपटे असते. त्याचे पट्टे मानेजवळ रुंद व ठळक असतात, अंगाच्या बाजूंवर ते फाकतात आणि शेपटीकडे विरत जातात. थोडक्यात, मण्याराचे पट्टे मागे ठळक, तर कवड्याचे पुढे ठळक, हा लक्षात ठेवण्यासारखा नियम होय.

परंतु केवळ रंग आणि पट्टे ह्यांवर निर्णय देणे धोक्याचे आहे. मण्याराच्या पिलांच्या अंगाच्या पुढच्या भागावरही ठिपके किंवा पट्टे असू शकतात, आणि लांबीने ती कवड्याएवढीच असतात. उलट पट्टेरी कवड्या ह्या दुसऱ्या बिनविषारी जातीचा रंग काळसर असतो. कात टाकण्यापूर्वी सापाचा रंग निस्तेज होतो, आणि मिणमिणत्या उजेडात तपकिरी व काळा हा भेदही उरत नाही. साप भिंतीवर चढलेला दिसला म्हणजे तो कवड्याच, असेही एक अनुमान केले जाते. पालींच्या शोधात कवड्या भिंती व छपरे सहज चढतो हे खरे. परंतु मण्यार कधी वर चढतच नाही असे मात्र नाही.

निश्चित निर्णय खवल्यांच्या मांडणीवरूनच करता येतो. फ्रँक वॉल ह्या लष्करी डॉक्टरांचे भारतातील जमिनीवरील विषारी सापांच्या ओळखीवरील पुस्तक बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९०७ साली प्रसिद्ध केले. रंगापेक्षा खवल्यांना महत्त्व देणारी ही पद्धत त्यामुळे सामान्य वाचकांच्याही आटोक्यात आली. मण्याराच्या पाठीच्या कण्यावरून खवल्यांची एक रांग मानेपासून शेपटीपर्यंत जाते. ह्या रांगेतील खवले शेजारच्या खवल्यांपेक्षा स्पष्टपणे मोठे व षट्कोनी असतात. शिवाय शेपटीच्या खालच्या बाजूचे पट्ट अखंड, म्हणजे एकेरी असतात. कवड्याच्या कण्यावरील खवले इतरांसारखेच असतात व शेपटीखालचे पट्ट दुभागलेले, जोडीने बसलेले दिसतात.

ही दोन्ही लक्षणे एकत्र पाहणे आवश्यक आहे. रुखई व मांजऱ्या ह्या सापांच्या कण्यावरील खवलेही काहीसे मोठे असतात, पण त्यांच्या शेपटीखालचे पट्ट दुहेरी असतात. फुरशाच्या शेपटीखालचे पट्ट एकेरी असतात, पण त्याच्या कण्यावर मोठ्या षट्कोनी खवल्यांची रांग नसते.

जिवंत सापाचे खवले तपासणे सामान्य माणसाचे काम नव्हे. ताज्या मेलेल्या सापाचे डोकेही प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकते. म्हणून त्यालाही हात लावू नये. सुदैवाने तपासणीचे एक निर्धोक साधन घराभोवतीच मिळते, ते म्हणजे सापाची कात. काढलेला मोजा जसा उलटा होतो, तशी कात तोंडाकडून उलटी होत निघते. तिच्यात रंग जवळजवळ राहत नाही, परंतु प्रत्येक खवल्याचा ठसा जसाच्या तसा उमटलेला असतो. काठीने ती बाजूस घेऊन, थोड्या पाण्यात भिजवून उजेडासमोर धरली असता कण्यावरील रांग व शेपटीखालचे पट्ट स्वच्छ दिसतात. निघताना कात ताणली जाते, त्यामुळे तिच्या लांबीवरून सापाची लांबी ठरवू नये. कात मण्याराची निघाली तर विटांचे ढीग, दगडांच्या राशी, उंदरांची बिळे व सरपण ह्यांची व्यवस्था तत्काळ केली पाहिजे.

आता चुकीच्या परिणामांचा विचार करू. कवड्याला मण्यार समजल्यास एक निरुपद्रवी साप प्राणास मुकतो. मण्याराला कवड्या समजल्यास माणूस प्राणास मुकतो. ह्या दोन चुकांचे मोल सारखे नाही. म्हणून जेथे शंका असेल तेथे तो मण्यारच आहे असे मानून दूर राहावे, त्याच्यावर लांबून नजर ठेवावी व जाणकार सर्पमित्रास किंवा वनखात्यास कळवावे.

दंशाच्या बाबतीत ही सावधगिरी अधिकच आवश्यक ठरते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचे दात लहान असतात. वेदना व सूज अत्यल्प असते आणि दंशाची खूणही पुष्कळदा सापडत नाही. पहाटे पोटात दुखणे, उलटी, पापण्या जड होणे, गिळता न येणे आणि शेवटी श्वास कोंडणे असा क्रम दिसतो. मण्याराच्या विषातील काही घटक मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करतात, आणि झालेली इजा प्रतिविषाने भरून निघत नाही. ह्यास्तव प्रतिविष लवकर मिळणे महत्त्वाचे असते, आणि रुग्णाला कधीकधी अनेक दिवस कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते.

अशा वेळी साप ओळखण्यात किंवा मारून नेण्यात वेळ दवडू नये. भारतात वापरले जाणारे बहुसंयुज प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चारही सापांच्या विषांवर दिले जाते, आणि डॉक्टर मुख्यतः रुग्णाच्या लक्षणांवरून निर्णय घेतात. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव हालू न देता रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे. २००० ते २०१९ ह्या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे दरसाल सरासरी ५८,००० माणसे, मृत्यू पावली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला आहे.

सापाची ओळख ही घर सुरक्षित करण्यासाठी आणि बिनविषारी सापाचा जीव वाचवण्यासाठी उपयोगी पडणारी विद्या आहे. दंश झाल्यावर उपचार लांबणीवर टाकण्याचे कारण तिने कधीही होऊ नये. खाटेवर निजणे, मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचणे आणि रात्री विजेरी घेऊनच बाहेर पडणे हे तीन साधे नियम पाळले, तर मण्यार व माणूस ह्यांची गाठ पडण्याचे प्रसंगच पुष्कळ कमी होतील.