टोमॅटोतलं टाचणीएवढं भोक

टोमॅटो घेताना देठाजवळ नीट पाहा हं. फळ लालभडक, टणक. पण देठाच्या टोपीखाली टाचणीनं पाडल्यासारखं भोक! चिरलं की आत काळपट वाट आणि कधी कधी अळीबाई हजर. आपण नाक मुरडतो. पण मैत्रिणींनो, ही अळी मुळात आपल्याकडची नाहीच.

तिचं नाव टुटा. मोठी झाली की तिची तांदळाएवढी करडी पाकोळी होते. माहेर दक्षिण अमेरिका. शास्त्रज्ञांनी १९१७ साली पेरू देशातून तिची पहिली नोंद केली. टोमॅटोही मूळचा तिकडचाच, तेव्हा ही त्याची पाठराखीण म्हणा! २००६ मध्ये ती स्पेनमध्ये पोचली आणि २०१४ मध्ये पुणे भागात सापडली. आपल्या नाशिक जिल्ह्यातही ती तेव्हाच दिसली. हिची चुलत बहीण बटाट्यातली पाकोळी. ती १९०६ साली इटलीहून आलेल्या बियाण्याच्या बटाट्यांतून मुंबई इलाख्यात उतरली, ती कायमचीच.

टुटाची एकेक मादी अडीचशेच्या वर अंडी घालू शकते. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरते आणि आतला गर खाते. (शाळेत मुलींना मी घडीच्या पोळीचे पापुद्रे सोडवून हे समजावते, लगेच कळतं.) आत बसलेल्या अळीला वरची फवारणी नीट लागत नाही. शिवाय कित्येक औषधांना ती आता दाद देत नाही. मग शेतकरी पुन्हा फवारतो, खर्च वाढतो आणि एवढं करून पिंपळगाव बसवंतच्या बाजारात भोक पडलेल्या मालाला भाव मिळत नाही. शेतात कामगंध सापळेही लावतात, पण त्यात फक्त नर अडकतात.

गच्चीवर कुंडीत टोमॅटो लावलात ना? पानावर कागदासारखे सुकलेले डाग दिसले तर ते पान उजेडात धरा. आत अळी दिसेल. नुसती वळणावळणाची पांढरी रेघ असेल तर ती बहुधा नागअळी, एका माशीची. डागाळलेली पानं खताच्या खड्ड्यात मुळीच टाकू नका, तिथंही पाकोळ्या निघतात. पिशवीत घट्ट बांधून चार दिवस कडक उन्हात ठेवा.

आणि भोक पडलेला टोमॅटो? ही अळी विषारी नसते. फळ टणक असेल तर तेवढा भाग सढळ हातानं कापून काढा, बाकीचा आमटीत घाला. मऊ पडलेला, वास येणारा मात्र सरळ टाकून द्या. भोकातून आत कूज शिरलेली असते.