पोटात गोळा कुठे येतो?

लेखमाला : खेळण्यातलं विज्ञान, भाग सातवा

हुबळी-धारवाडहून मोठ्या राइड्स बघायला निघायचं तर दोन दिशा. दक्षिणेला बंगळुरू ओलांडून बिडदीजवळचं वंडरला, 2005 पासूनचं. उत्तरेला पुणे, लोणावळा मागे टाकून खोपोलीजवळचं इमॅजिका, 2013 पासूनचं. आपण जवळजवळ मधोमध. कुठेही जा, रात्र बसमध्ये जाते आणि सकाळी डोळे चोळत गेटावर उभं राहावं लागतं. तिथे पोचल्यावर धाकट्याने रडायचं आणि काकांनी ऐनवेळी ‘मी बॅगा सांभाळतो’ म्हणायचं, हे टाळायचं असेल तर कोण कशात बसणार हे घरीच ठरवलेलं बरं. पण ठरवताना बहुतेक जण दोनच आकडे बघतात, उंची आणि वेग. भीतीचा अंदाज घ्यायला हे दोन्ही आकडे तसे कच्चे आहेत.

वेगाचं बघा. इमॅजिकातल्या नायट्रो या रोलर कोस्टरची उंची सुमारे 40 मीटर. तेवढ्या उंचीवरून घसरलेली गाडी तळाशी ताशी 100 किलोमीटरच्या आसपास पोचते, हे शाळेतल्या सूत्रानेही निघतं. (जाहिरातीत 105 म्हणतात, तेवढं चालायचंच.) आता आपली रात्रीची स्लीपर बस हायवेला लागली की वेगात फारशी मागे नसते, आणि आपण त्यात घोरत असतो. शरीराला वेग कळतच नाही. कळतो तो वेगातला बदल, आणि त्यातही आसनाने आपल्याला खालून किती जोराने धरून ठेवलंय ते. हा आधार सुटला की पोटात गोळा.

उंचीचंही तेच. जत्रेत येणारा पाळणा घ्या. समजा तो 16 मीटर व्यासाचा आहे आणि चालवणारा रंगात येऊन 8 सेकंदांत एक फेरी मारतोय. हिशेब केला तर माथ्यावर 50 किलोच्या माणसाला आपलं वजन जेमतेम 25 किलो वाटेल आणि तळाशी 75. माथ्यावरून खाली येताना बायका-पोरं का किंचाळतात ते या 25 मध्ये आहे. उलट लंडन आय हा प्रचंड पाळणा 135 मीटर उंच, पण एका फेरीला अर्धा तास घेतो. तिथे 50 किलोंत 4 ग्रॅमचाही फरक पडत नाही. ज्याला नुसत्या उंचीची धास्ती आहे त्याला तिथे घाम फुटेल, पण पोट जागच्या जागी राहील. म्हणून घरातल्या कुणाला विचारायचं तर ‘तुला भीती वाटते का’ असं विचारू नका. ‘जत्रेतल्या पाळण्यात खाली येताना आवडतं का’ असं विचारा. सिद्धारूढ मठाच्या जत्रेला गेलेल्या प्रत्येकाकडे या प्रश्नाचं चोख उत्तर असतं, अगदी अज्जीकडेसुद्धा.

आता सगळ्यांना ज्याचा धसका असतो तो लूप, म्हणजे गाडी पूर्ण उलटी होते ते वेटोळं. बघणाऱ्याला भयंकर, बसणाऱ्याला त्या मानाने सौम्य. कारण लूपमध्ये तुम्ही आसनात दाबले जाता. उलटे असतानाही खाली पडल्यासारखं फारसं वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कोनी आयलंडला लूप बांधला तो अगदी गोल होता, आणि गाडी त्यात शिरताना एवढा धक्का बसे की लोकांच्या माना दुखावत. पुढे आकार बदलला. 1976 मध्ये कॅलिफोर्नियात श्वार्त्सकोफ यांनी बांधलेल्या रिव्होल्यूशन कोस्टरसाठी वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने थेंबाच्या आकाराचा लूप आखला. खाली पसरट, वर आवळलेला. त्यामुळे तळाचा दाब सोसण्याजोगा राहतो आणि माथ्यावर, वेग कमी झालेला असतानाही, आसन सुटत नाही. नायट्रोमध्ये माणूस पाच वेळा उलटा होतो. खरा गोळा येतो तो त्याआधी, पहिल्या उतारावर. शिवाय त्या गाडीला पायाखाली फळीच नाही, पाय लोंबते. ती करामत निव्वळ डोळ्यांना आणि मनाला घाबरवायची, पोटाशी तिचा संबंध नाही.

वंडरलातला रिकॉइल हा कोस्टर नायट्रोहून ठेंगणा. तरी धीट माणसालाही तो जड जाऊ शकतो, असं माझं मत. सुरुवातीला तो तुम्हाला पाठमोरं वर ओढतो, म्हणजे तोंड खाली, आणि सोडतो. तीनदा उलटं करून दुसऱ्या टोकाला चढवतो आणि मग त्याच रुळांवरून सगळं पुन्हा, या वेळी उलट दिशेने. पुढे काय येतंय ते दिसत नसलं की मान आणि पोट आधीच घट्ट करता येत नाही. इमॅजिकातल्या डीप स्पेस या कोस्टरमध्ये हेच काम अंधार करतो.

व्हिडिओ सगळेच बघतात. गाडीच्या तोंडाशी लावलेल्या कॅमेऱ्याचा बघू नका. रुंद भिंगात उतार सपाट दिसतो आणि बाजूचे खांब उगाच भरभर पळतात. जमिनीवरून काढलेला शोधा. ओढण्या, केस, सैल बाह्या कुठे वर उडतात ते बघा. ओरडा कुठे उठतो ते ऐका, आणि तो किती सेकंद टिकतो तेही मोजा. 20 मीटर मोकळं पडायला फक्त 2 सेकंद लागतात. एवढ्यासाठी आपण चारशे किलोमीटर जातो, हे एकदा कळलं की कित्येकांना धीर येतो.

जागाही निवडता येते. उतारावर शेवटच्या डब्याला पुढचे डबे माथ्यावरून खेचून नेतात, त्यामुळे तिथे आसन जास्त सुटतं. पुढच्या डब्यात दृश्य भीतिदायक, उसळी कमी. झुलणाऱ्या होडीत मात्र मधोमध बसावं. टोकाला बसणारे हौशी.

उंचीच्या पट्टीबद्दल पालकांचा एक गैरसमज असतो. पोरगं पट्टीला पोचलं म्हणजे ते त्या राइडला तयार झालं, असं नाही. ती पट्टी खांद्यावरचा दांडा अंगाला नीट बसावा म्हणून असते. धिटाई तिने मोजत नाहीत. रक्तदाब, पाठीचं दुखणं, गरोदरपण यांच्या सूचना मात्र जशाच्या तशा पाळाव्यात.

गरगर फिरणाऱ्या कपबश्यांचं वेगळं खातं. तिथे भीती नाही, मळमळ आहे. तिचं कारण मागच्या भागात गाडी लागण्याच्या निमित्ताने आलंच आहे. वय वाढलं की हे फिरणं अनेकांना कमी सोसतं, तेव्हा ‘ती लहान मुलांची राइड आहे’ म्हणून आजोबांना त्यात बसवू नका.

आणि जत्रेतल्या पाळण्याची भीती वाटली तर ती थोडी राहू द्या. कोस्टरच्या गाडीला रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तीन बाजूंनी चाकं असतात. दोन गाड्या एकाच टप्प्यात येऊ नयेत म्हणून आपोआप लागणारे ब्रेक असतात. चार दिवसांत उभ्या केलेल्या पाळण्यात बसण्याआधी मात्र पाटाची कडी स्वतः ओढून बघावी.

पुढच्या शनिवारी : रांगेत उभं असताना भीती का वाढते, आणि रांग मुद्दाम वळणावळणाची का असते.